कंपनीची गाडी घेतली तर हातात किती उरतं? वाद घाला, पण आकडे घेऊन

सातपूरकर
आमचं ऑफिस नाशिकच्या अंबडहून गोंद्याला हलतंय. मी राहतो सातपूरला. म्हणजे रोज पाथर्डी फाटा, विल्होळी, वाडिवऱ्हे करत जायचं आणि संध्याकाळी ट्रकच्या मागे रांगत परत यायचं. माझी हॅचबॅक नऊ वर्षांची झालीये. एचआरने सांगितलं, लीजवर (कंपनीमार्फत भाड्याने, भाडं पगारातून कापून) गाडी घ्या, 'टॅक्स वाचतो'. टॅक्स किती वाचतो ते सगळे सांगतात, हातात किती कमी येतं ते कोणी सांगत नाही. म्हणून रविवारी वही घेऊन बसलो.

ग्रॉस २४ लाख, नवी कर पद्धत, वर्ष २०२५-२६.

गाडी नसताना: ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन २३.२५ लाख. सेससकट (करावर आणखी ४ टक्के) कर २,९२,५००.

गाडी घेतल्यावर: विमा-सर्व्हिसिंग धरून भाडं ३२ हजार आणि पेट्रोल ८ हजार, म्हणजे महिन्याला ४० हजार पगारातून वजा. वर्षाचे ४.८० लाख. कंपनीची गाडी थोडी कामाला, थोडी घरी वापरली आणि इंजिन १.६ लिटरच्या आत असलं, तर पर्क्विझिट (कंपनीने दिलेल्या सोयीची करासाठी धरलेली किंमत) म्हणून २०२५-२६ मध्ये महिन्याला फक्त १८०० रुपये उत्पन्नात धरायचे (ड्रायव्हर दिला तर आणखी ९००, इंजिन मोठं असेल तर १८०० च्या जागी २४००). वर्षाचे २१,६००. कर बसतो १,८०,२५० च्या आसपास.

कर वाचला १,१२,२५०, महिन्याला साधारण ९,३५०. म्हणजे पगारातून गेले ४० हजार, पण हातात कमी आले ३०,६५०. माझ्या मते सौदा चांगला आहे. बायकोच्या मते 'महिन्याला तीस हजार कमी' एवढं एकच वाक्य या सगळ्यात खरं आहे.

जमाखर्च
हिशोब बरोबर, पण अर्धाच. ३०,६५० ची तुलना कशाशी? शून्याशी केली तर वहिनीच बरोबर. तुलना करायची ती तीच गाडी स्वतः घेण्याशी. समजा ऑनरोड साडेबारा लाख. चार वर्षं, ९ टक्के, पूर्ण कर्ज: हप्ता ३१,१००. विमा-सर्व्हिसिंग साडेचार हजार, पेट्रोल ८ हजार. झाले ४३,६००, आणि हे सगळं कर भरून उरलेल्या पैशातून.

लीजमध्ये चार वर्षांनी गाडी तुमची होत नाही, उरलेली किंमत भरावी लागते. १५ टक्के धरली तर १.८७ लाख, महिन्याला ३,९०० धरा. एकूण ३४,५५०. फरक नऊ हजारांचा, म्हणजे जवळजवळ तुमचा वाचलेला करच. बाकी लीजमध्ये काही जादू नाही. भाड्यावर जीएसटी लागतो, लीज कंपनी आपला नफा घेते, फुकट कोणी काही देत नाही.

आडगावचा_नाना
दोघंही हुशार, पण मुळातच गोची आहे. सातपूरकर, खरं सांगा, लीज नसता तर साडेबारा लाखांची गाडी घेतली असती का? नाही. तुम्ही पाच-सहा लाखांची वापरलेली, चांगल्या हातातली गाडी शोधली असती. सहा लाखांचा चार वर्षांचा हप्ता पंधरा हजारांच्या आत बसतो (जुन्या गाडीला व्याज जास्त धरूनसुद्धा साडेपंधरा). पेट्रोल, मेंटेनन्स टाकून २८-२९ हजार. चार वर्षांनी गाडी नावावर, वर काही भरायचं नाही. नऊ हजार वाचवायच्या नादात सहा लाखांची जास्त गाडी घेताय. सेलमध्ये ५० टक्के सूट म्हणून दोन पैठण्या आणतात, तसलं आहे हे.

सातपूरकर
नाना, पैठणीचं घरी वाचून दाखवलं, तुमचा पक्ष लगेच एका मताने वाढला.

पण पावसाळ्यात त्या हायवेवर, रोज जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर, दुसऱ्याने वापरलेल्या गाडीत? सुरक्षिततेला काही किंमत आहे की नाही?

आडगावचा_नाना
आहे ना. मग ती किंमत 'सुरक्षितता' या नावाने लिहा, 'टॅक्स वाचला' या नावाने नको. एवढंच म्हणतोय.

गंगापूर_रोडची_ताई
इथे सगळे २४ लाखवाले बोलताहेत. माझी वेगळीच गंमत ऐका. ग्रॉस १२ लाख ७० हजार. कर शून्य, कारण ७५ हजार गेल्यावर १२ लाखांच्या आत. कंपनीने गेल्या वर्षी गाडी दिली, पगारातून एक रुपया न कापता, साइटवर फिरायला आणि घरी वापरायलाही. पेढे वाटले मी! मग पे-स्लिपमध्ये कर दिसायला लागला. २१,६०० उत्पन्नात धरले गेले, करपात्र झालं १२,१६,६००. वरचे १६,६०० सगळेच्या सगळे कर म्हणून, वर ४ टक्के सेस. १७,२६४ रुपये. काल्पनिक २१,६०० वर खरेखुरे १७,२६४! हा कुठला न्याय?

जमाखर्च
ताई, ही त्या १२ लाखांच्या उंबरठ्याची करामत. १२ लाखांपर्यंत पूर्ण सूट, ओलांडलं की स्लॅबने ६२ हजारांच्या वर कर आला असता. सीमांत सवलतीमुळे फक्त ओलांडलेली रक्कम घेतली. म्हणजे त्या पट्ट्यात वरचा प्रत्येक रुपया सरकारचा. उपाय आहे: मालकाच्या हिश्शाचं एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) बेसिकच्या १४ टक्क्यांपर्यंत नव्या पद्धतीतही वजा होतं. पगाराची रचना बदलून महिन्याला दीड हजार तिकडे वळवा, पुन्हा शून्यावर याल.

आणि याच उंबरठ्याची उलट बाजू बघा. २०२५-२६ च्या हिशोबाने ग्रॉस १४ लाख असेल तर कर ८१,९००. त्याने महिन्याला फक्त १५ हजारांचा लीज घेतला, तर १४ वजा १.८०, अधिक २१,६००, वजा ७५ हजार म्हणजे ११.६७ लाख. कर शून्य. वर्षाचे १.८० लाख कापले गेले आणि ८१,९०० परत आले. गाडीचा सगळ्यात मोठा फायदा २४ लाखवाल्याला नाही, या माणसाला. आणि पावणेतेराच्या आतल्या माणसाने लीज घेतला तर वाचणार काहीच नाही, जीएसटी मात्र भरणार.

कसारा_घाट
माझ्या टीममधला एक जण सांगतो, पेट्रोलचे पैसे पूर्ण क्लेम करायचे, बिलं पंपावर 'मिळतात'. असं करायचं असेल तर कृपया हिशोबाचे धागे काढू नका. खोटी बिलं म्हणजे कर नियोजन नव्हे.

दुसरं. कामापुरतीच गाडी वापरली तर पर्क्विझिट शून्य. पण तारीख, ठिकाण, किलोमीटर, खर्च अशी नोंदवही आणि कंपनीचं प्रमाणपत्र लागतं. रविवारी त्र्यंबकला गेलात की ते संपलं. घर ते ऑफिस चालतं. आणि एकाच माणसाला दोन गाड्या दिल्या तर तो सरसकट दर एकीलाच, दुसरी पूर्ण खासगी धरतात: प्रत्यक्ष खर्च आणि वर किमतीच्या १० टक्के दरवर्षी.

आडगावचा_नाना
आता माझं दुखणं सांगतो, म्हणजे मी एवढा का चिडतो ते कळेल. जुन्या नोकरीत लीज घेतला होता. २६ महिने बाकी असताना पुण्याची ऑफर आली, महिन्याला ११ हजार जास्त. कंपनी म्हणाली, गाडी परत द्यायची तर भरपाई ९४ हजार, ठेवायची तर साडेसात लाख एकरकमी. करारात होतं सगळं, बारीक अक्षरात, मीच वाचलं नव्हतं. गाडी परत दिली. पहिल्या नऊ महिन्यांची वाढ भरपाईत गेली. पोरगी विचारायची, 'पप्पा, आपली गाडी कुठंय?' आपली नव्हतीच ती. आरसीवर कंपनीचं नाव होतं.

शिवाय घराचं कर्ज काढताना बँक हातात येणारा पगार बघते. तिथेही मार.

जमाखर्च
कर्जाचं पटलं नाही, नाना. स्वतः गाडी घेतली असती तरी हप्ता बँकेने धरलाच असता. राजीनाम्याचं मात्र शंभर टक्के मान्य. त्यात आणखी एक भर घाला: १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या जागी नवा आयकर कायदा आहे, आणि लीज चार वर्षांचा. १८०० चा आकडा २०२५-२६ चा, दगडावरची रेघ समजू नका. अर्थात तो तिप्पट झाला तरी सातपूरकरांना महिन्याला साडेसातशेचा फरक. घाबरायचं ते नोकरी सुटण्याला.

गंगापूर_रोडची_ताई
बॅटरीवरच्या गाडीचं काय? तिला लिटरच नाहीत, मग १८०० की २४००?

कसारा_घाट
१९६२ च्या आयकर नियमात इंजिनाची क्षमता लिहिलेली होती, आणि तिला इंजिनच नाही. कंपनी काय धरते ते लेखी घ्या. जीएसटी मात्र ५ टक्केच.

सातपूरकर
आज एचआरला मेल टाकला. विचारलंय की १२, २४ आणि ३६ महिन्यांनी सोडलं तर नेमके किती भरायचे, तो तक्ता द्या. दुसरं, भाडं स्पेशल अलाउन्समधूनच कापणार ना, बेसिकला हात लागला तर पीएफ आणि ग्रॅच्युइटी दोन्ही खाली येतील. आणि साडेबाराऐवजी साडेआठ लाखांच्या गाडीचं कोटेशन मागवलंय.

नाना, आडगावकडे कोणाची चांगल्या हातातली, साठ हजारांच्या आत चाललेली असेल तर तेही कळवा. घरून निरोप आहे.