अल्टो २००७: डिपरला रस्ताच दिसत नाही. १००/९० चे बल्ब टाकू की एलईडी?

पखवाजी:

नमस्कार मंडळी. गाडी मारुती अल्टो, २००७ ची, पेट्रोल. पंधरा वर्षांनंतरचं पासिंग एकदा करून घेतलंय, आता पुन्हा २०२७ ला जायचंय. इंजिनाची काही तक्रार नाही. तक्रार आहे ती डोळ्यांची, म्हणजे गाडीच्या.

मी कणकवलीकडचा. दिवसा नोकरी, रात्री भजन. आमच्या बुवांच्या साथीला पखवाज वाजवतो, त्यामुळे माझं ड्रायव्हिंग जवळजवळ सगळं रात्रीचं. डबलबारी (दोन बुवांचा भजनाचा सामना) संपेपर्यंत मध्यरात्र कधीच उलटलेली असते. मग पाच माणसं, पेटी, पखवाज, झांजांची पिशवी असा सगळा संसार घेऊन परत यायचं. हायवेवर काही वाटत नाही, चार पदरी आहे, पुढच्या गाडीच्या मागोमाग येता येतं. पण आचरा रोडला किंवा देवगडच्या आतल्या रस्त्यांना लागलं की हाल. पांढरा पट्टा पुसलेला, साइडपट्टी खचलेली, एका अंगाला चिऱ्याचा गडगा आणि दुसऱ्या अंगाला गटार. त्यात पाऊस असला तर ओला डांबरी रस्ता सगळा प्रकाश गिळूनच टाकतो. समोरून गाडी आली, मी डिपर दिला (झोत खाली केला), की पुढचा तुकडा निव्वळ अंदाजावर. परवा बुवा शेजारी बसले होते, ते म्हणाले, "मेल्या, रस्तो दिसता मां तुका?" मी हो म्हटलं. (खरं उत्तर इथे लिहीत नाही, बुवा वाचतात.)

साधे ६०/५५ चे एच-४ बल्ब (अप्परला, म्हणजे लांबच्या झोताला ६० वॅट, डिपरला ५५) नवीन टाकून झाले. फरक शून्य. काचा थोड्या पिवळट झाल्यात. आमच्या इथला इलेक्ट्रिशियन म्हणतो, "१००/९० टाक, वायरिंगला काय होत नाय." अॅक्सेसरीवाला म्हणतो एलईडी टाक, आणि त्याने दुकानाच्या भिंतीवर मारून दाखवला तेव्हा खरंच दिवस उगवल्यासारखं वाटलं. पण भिंत म्हणजे काही आचरा रोड नव्हे.

काय करू? बजेट दोन-अडीच हजार. गाडी विकण्याचा सल्ला कृपया देऊ नये, तो घरून रोज मिळतो.

झगमग:

एलईडी टाका, विषय संपला. माझ्या जुन्या स्विफ्टमध्ये टाकलेत, साडेसहा हजार केल्विनचे (एकदम पांढरा उजेड). एकदम नव्या गाडीसारखा लुक येतो. हॅलोजन हा गेल्या जमान्यातला प्रकार आहे. वर करंटही कमी खातात.

लालपरी_चालक:

झगमग भाऊ, लुक तुम्हाला येतो आणि अंधारी आम्हाला येते. मी एसटीवर आहे, फोंडा घाटात रात्रपाळी असते. असले पांढरेफेक दिवे वळणावरून अंगावर आले की ते गेल्यावरसुद्धा डोळ्यांपुढे निळा ठिपका नाचत राहतो. बस उंच असून ही गत, तर दुचाकीवाल्याचं काय होत असेल? तुम्ही डिपर दिलाय की नाही तेच कळत नाही. मग पलीकडचा चिडून अप्पर मारतो, म्हणजे तुम्हालाही दिसत नाही.

पखवाजी, पावसात आणि घाटातल्या धुक्यात मला तरी पिवळसर उजेडच बरा वाटतो. बाकी वायरिंगचं जाणकार सांगतील.

उद्यमनगर_वायरिंग:

कोल्हापुरात उद्यमनगरात माझं ऑटो इलेक्ट्रिकचं काम आहे. जुन्या गाड्या रोज बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. चहा घेऊन बसा.

पखवाजी, तुमचा बल्ब वाईट नाही. बल्ब उपाशी आहे. नवीन बल्ब टाकून फरक पडला नाही, इथेच उत्तर आलं. अशा गाडीत हेडलाइटचा सगळा करंट फ्यूज बॉक्स, स्टिअरिंगजवळचा स्विच आणि बारीक वायर असा फिरून बल्बपर्यंत येतो. सतरा-अठरा पावसाळ्यांत स्विचचे पॉइंट काळे पडतात, कपलर (वायरींचे जोड) हिरवे होतात, अर्थिंगचा नट गंजतो. प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं व्होल्टेज खाल्लं जातं. आणि हॅलोजनचं गणित फार निर्दयी आहे. व्होल्टेज दहा टक्के पडलं की उजेड दहा टक्के पडत नाही, तीस टक्क्यांच्या आसपास पडतो. एच-४ चा डिपर १३.२ व्होल्टला साधारण हजार ल्युमेन (उजेडाचं माप) देतो. तोच बल्ब साडेअकरा व्होल्टवर जळत असेल तर सहा-सव्वासहाशेच्या वर जात नाही, आणि तांबूस दिसतो.

आता त्याच वायरला १००/९० लावा. साधा ५५ वॅटचा डिपर एका बाजूला साडेचार अँपिअर घेतो, ९० चा साडेसात घेतो. म्हणजे जी वायर आधीच व्होल्टेज खातेय ती आणखी खाणार, स्विच तापणार, होल्डरचं प्लास्टिक आधी चॉकलेटी होणार आणि मग वितळून बल्बच्या पिनांना चिकटणार. असे होल्डर माझ्याकडे डबाभर पडलेत. शिवाय आतल्या रिफ्लेक्टरची चांदी त्या उष्णतेने धुरकट होते, आणि ती गेली की सगळा दिवाच बदलायचा. "काय होत नाय" म्हणणाऱ्याला विचारा, झालं तर हेडलाइट कोण देणार?

एलईडीचंही सांगतो. मला एलईडीचं वैर नाही, कंपनीने एलईडीसाठीच बनवलेला दिवा असेल तर उत्तमच. पण तुमचा रिफ्लेक्टर एच-४ च्या फिलामेंटसाठी घडवलेला आहे. बल्ब हातात धरून बघा (काचेला बोट लावू नका, पुसायचा असेल तर स्पिरिटने पुसा): आत दोन स्प्रिंगा दिसतील. पुढच्या स्प्रिंगेखाली चमच्यासारखी छोटी वाटी आहे. डिपरला ती वाटी खालचा उजेड अडवते, म्हणून समोर आडवी रेघ पडते आणि रेघेच्या वर अंधार राहतो. आपल्याकडे डावीकडून चालवतात, म्हणून ती रेघ डाव्या बाजूला थोडी वर चढते, साइडपट्टी दिसावी यासाठी. एलईडीच्या चिपा दोनच बाजूंना असतात, जाडही असतात. फिलामेंटच्या जागेवर त्या एक-दोन मिलिमीटर जरी इकडेतिकडे झाल्या तरी रेघ फुटते. उजेड झाडांच्या शेंड्यांवर, समोरच्याच्या तोंडावर आणि बोनेटच्या अगदी पुढ्यात. पुढ्यातला तो झगझगाट बघून माणूस खूश होतो, पण त्यानेच डोळा दिपतो आणि लांबचं आणखी कमी दिसतं. तुमच्या अॅक्सेसरीवाल्याची भिंत तेच दाखवत होती. वर गाडीच्या मूळ रचनेत फेरबदल म्हणून कायद्याचं कलम ५२ आहेच, पासिंगला अडलात तर हेलपाटा.

आता काम. पैसे खर्चायच्या आधी मल्टिमीटर आणा. इंजिन चालू, डिपर चालू, बल्ब जागेवर. मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर, दुसरी होल्डरच्या मागून घुसवून बल्बच्या प्लसला लावा. जो आकडा येईल तेवढं व्होल्टेज वाटेत गेलं. तसंच बॅटरीचा मायनस आणि बल्बचा मायनस यांच्यात बघा. दोन्ही दिव्यांचं मोजा आणि इथे लिहा.

म्युनिकचा_मालवणी:

मूळचा कुडाळचा, सध्या जर्मनीत. वरच्याला जोड म्हणून: इथे एलईडी बल्ब हॅलोजनच्या दिव्यात लावायला पूर्वी सरसकट बंदी होती. २०२० पासून काही ठरावीक बल्बांना परवानगी मिळाली, पण तीही दिव्याच्या आणि गाडीच्या मॉडेलनुसार यादी बघून. यादीत तुमची गाडी नसेल तर तोच बल्ब बेकायदा. म्हणजे बल्ब चांगला की वाईट हा प्रश्नच अपुरा आहे, कुठल्या दिव्यात हे आधी विचारायचं.

बुवांना नमस्कार सांगा. गजर इथे मोबाईलवर ऐकतो, पण मजा नाय.

पखवाजी:

मोजलं! पखवाजाला शाई भरणारा आमचा एक मित्र रेडिओही दुरुस्त करतो, त्याचा मीटर आणला. बॅटरीवर १४.० व्होल्ट. डावा दिवा: प्लसच्या वाटेत ०.९ गेले, मायनसच्या वाटेत १.३, म्हणजे बल्बला मिळाले ११.८. उजवा: १.१ आणि १.५, बल्बला ११.४. मित्र म्हणाला, "एवढ्यात आमचो ट्रान्झिस्टर चलात."

होल्डर काढून बघितला. उजव्याची एक पिन काळपट आहे आणि भोवतीचं प्लास्टिक थोडं फुगलंय.

उद्यमनगर_वायरिंग:

मिळालं ना कारण. दोन-अडीच व्होल्ट वाटेतच सांडतायत. मायनसला जास्त पडतंय, म्हणजे तुमच्या गाडीत स्विच बहुतेक मायनस तोडत असावा. सुझुकीच्या घराण्यात हे दिसतं. खात्री करायची तर होल्डर काढा, टेस्ट लॅम्पचं एक टोक बॉडीला लावा आणि तिन्ही पिना तपासा. डिपर आणि अप्पर दोन्ही वेळा एकाच पिनवर प्लस येत असेल तर स्विचिंग मायनसचं.

हे एवढ्यासाठी सांगतो की यावर उपाय रिले किट (रिले म्हणजे छोट्या करंटच्या इशाऱ्यावर बॅटरीचा मोठा करंट सोडणारा स्विच), आणि बाजारात ते दोन तऱ्हेचे मिळतात. स्वस्तातल्या काहींत रिलेच्या कॉइलचं (इशारा घेणाऱ्या वेटोळ्याचं) एक टोक सरळ बॉडीला अर्थ केलेलं असतं. मायनस स्विचिंगच्या गाडीत तो रिले टक् सुद्धा करत नाही, मग लोक किट खराब म्हणून परत नेतात. कॉइलची दोन्ही टोकं जुन्या होल्डरच्या प्लगमध्येच येणारा किट घ्या, तो दोन्हीकडे चालतो. सिरॅमिक होल्डरवाला घ्या, तुमचं फुगलेलं प्लास्टिकही मार्गी लागेल.

जोडणी अवघड नाही. एका बाजूचा जुना होल्डर किटच्या प्लगला. आता त्या जुन्या वायरीने फक्त रिलेला इशारा द्यायचा, करंट वाहायचा नाही. रिलेच्या ३० नंबरला बॅटरीच्या प्लसवरून जाड वायर, निदान अडीच स्क्वेअर मिलिमीटरची, आणि बॅटरीपासून वीतभर अंतरातच फ्यूज. ८७ वरून बल्बकडे. दोन्ही दिव्यांची अर्थिंग नवीन वायरने थेट बॅटरीच्या मायनसला आणा, गंजक्या बॉडीच्या भरवशावर राहू नका. डिपरचा आणि अप्परचा रिले वेगळा, प्रत्येकाला १५ अँपिअरचा फ्यूज. रिले पिना खाली करून लावा, कोकणातलं पाणी आहे. वायर रेडिएटरच्या पंख्यापासून आणि सायलेन्सरपासून लांब न्या. मागचं रबरी बूट नीट बसवा, नाहीतर आत दव धरतं आणि रिफ्लेक्टर जातो.

बल्ब तेच ६०/५५ राहू द्या. पुढे हवंच वाटलं तर फिलिप्स किंवा ऑसरामचे जास्त उजेडाचे ६०/५५ मिळतात, वॅट तेवढेच, फिलामेंट आखूड आणि नेमकं. ते लवकर उडतात, हे मात्र धरून चाला. निळ्या काचेचे घेऊ नका, निळी काच उजेड गाळते, वाढवत नाही.

काचा आधी साफ करा. पाण्याचा सँडपेपर ८००, मग १५००, मग २०००, शेवटी रबिंग कंपाउंड. त्यावर यूव्ही क्लिअर कोट मारल्याशिवाय सोडू नका. नुसत्या पॉलिशने पहिल्या दिवशी काच आरशासारखी होते आणि पुढच्या उन्हाळ्यात होती त्याहून पिवळी.

झगमग:

एवढी उठाठेव? माझं काम एका तासात झालं होतं.

लालपरी_चालक:

झालं होतं, बरोबर. आमचं रोज होतंय.

पखवाजी:

किट बसवला. कॉइलची दोन्ही टोकं प्लगमध्ये येणाराच मागितला, दुकानदाराने दोन खोकी उघडून दाखवली तेव्हा कुठे सापडला. काचा घासण्यात अख्खा रविवार गेला आणि बोटांची कातडीही, त्यामुळे सोमवारी पखवाजावर हात मऊ पडत होता. बुवांनी ओळखलं.

आकडे: बॅटरी १४.०, दोन्ही बल्बांवर १३.५. जुनेच बल्ब. गणित करून बघितलं, उजव्या दिव्याचा उजेड पावणेदोनपट व्हायला हवा, आणि तसाच दिसतोय. रंगही तांबूस होता तो पांढऱ्याकडे झुकला. काल आचरा रोडने आलो. गडग्याचा चिरान् चिरा दिसत होता, आणि रस्त्याच्या कडेला बसलेला एक बेडूकही वेळेत दिसला.

एकच शंका. समोरून आलेल्या एका टेम्पोने मला दोनदा लाइट मारला. डिपरवरच होतो. बिघडलं कुठे?

लालपरी_चालक:

गाडीत कितीजण होते?

पखवाजी:

पाच. डिकीत पेटी आणि पखवाज.

लालपरी_चालक:

मग बिघडलं काही नाही, मागून गाडी बसलीय आणि नाक वर गेलंय. आधी उजेडच नव्हता म्हणून कोणाला टोचत नव्हता.

उद्यमनगर_वायरिंग:

अगदी बरोबर. तुमची गाडी रात्री कायम भरलेलीच असते, तर सेटिंगही भरलेल्या गाडीवरच करा. सपाट जागा, टायरांत हवा बरोबर, माणसं आत बसवा, वाद्यं डिकीत. भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी करा. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर तेवढ्या उंचीवर खडूने रेघ मारा. डिपरची आडवी रेघ त्या खुणेच्या दहा सेंटीमीटर खाली यायला हवी. एक दिवा झाकून एकेकाचं करा, दिव्याच्या मागे फिरवायचे स्क्रू आहेत. रिकाम्या गाडीत उजेड थोडा जवळ पडेल, तेवढं चालवून घ्या.

आठवड्याभराने बॅटरीवरचे नट पुन्हा एकदा आवळा, नवीन थिंबल (वायरच्या टोकाच्या कड्या) ढिले पडतात. आणि डिकीत एक सुटा ६०/५५ आणि दोन १५ चे फ्यूज ठेवा, झांजांच्या पिशवीत नको, वेगळ्या डब्यात.