मदत हवी आहे: मागच्या ब्रेकचं पेडल अडकतंय

ऑफ-रोड बाईक, मागे डिस्क. हर्णैच्या पुळणीवर वरचेवर जाते, म्हणजे खारं पाणी आणि वाळू आलीच. पेडल दाबलं की खालीच राहतं, बुटाने उचलावं लागतं. दोनेक किलोमीटरांत डिस्क इतकी तापते की हात लावू देत नाही.

पेडलची पिन काढली, गंज पॉलिश पेपरने घासून ग्रीस भरलं. स्प्रिंग नवी. कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) पिनाही साफ केल्या. पुशरॉड (पेडलचा दाब पुढे नेणारा दांडा) सोडवला की पेडल टणकन वर येतं! आणि ब्लीड निपल (ब्रेक फ्लुइड सोडायचा कॅलिपरवरचा स्क्रू) सैल केला की फ्लुइडची चिळकांडी उडून चाक मोकळं होतं. म्हणजे दोष मास्टर सिलिंडरचाच (पेडल दाबलं की फ्लुइड ढकलणारा पंप) ना?

दापोलीतला मेकॅनिक अख्खा सिलिंडर बदल म्हणतो. नुसतं किट (आतला पिस्टन आणि रबरी सील) टाकून भागेल, की आत बोअरला (पिस्टन सरकतो ती नळी) खड्डे पडले असतील तर तेही वाया? आणि पुशरॉडला फ्री प्ले (मोकळी हालचाल) किती ठेवता?