व्हीआरचे जास्तीचे पैसे मोजायचे का?

फुटाळाकर: निकॉन डी३४०० कॅमेरा आहे, सोबत १८-५५ मिमीचं भिंग. आता लांबचं टिपायला एएफ-पी डीएक्स ७०-३०० ही झूम लेन्स घ्यायची. ती व्हीआर (हाताची थरथर सावरणारी सोय) आणि बिनव्हीआर अशी दोन्ही मिळते, २०१६ला एकदमच आली होती. नागपूरला सीताबर्डीत सेकंडहँड दोन्ही दिसल्या, पण किमतीत बरंच अंतर आहे. हिवाळ्यात सिल्लारी गेटनं पेंचचं जंगल करायचंय, इथल्या मारबतीच्या मिरवणुकीचे फोटोही काढायचेत. काय करू?

जिप्सीतला: बिनव्हीआर घे भाऊ. वाघ नुसता चालत असला तरी १/५०० सेकंदाचं शटर लागतं, चितळं उधळली की १/१०००च्या वर. व्हीआर तुझा हात सांभाळतं, जनावराचे पाय नाही. वाचलेल्या पैशात कॅमेरा टेकवायची बीन बॅग घे, उरले तर आणखी एक सफारी कर.

संत्रावाला: अन् उजेड कुठून आणणार राजे? हिवाळ्यातली सकाळ, सागाचं जंगल, ३०० मिमीला भिंगाचं छिद्र उघडतं एफ/६.३पर्यंतच, उजेड कमीच येतो. समज १/३०ला आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) ८०० पुरतो. तोच फोटो १/५००ला काढायचा तर १२,८००. डी३४००वर १२,८०० म्हणजे वाघाच्या अंगावर रवा सांडल्यासारखं दिसतं. बिबट्या झाडावर लोळत पडला असेल तर १/३० चालून जातं, पण हातात धरून ते व्हीआरशिवाय जमत नाही.

जिप्सीतला: हे सगळं कागदावर. मागच्या सीटवरचा एक जण उठला की अख्खी गाडी डुलते. आणि कॅननची पहिली आयएस (त्यांचं व्हीआरच) झूम १९९५ची, तिला दोन स्टॉपचाच, म्हणजे चौपट हळू शटरचाच फायदा होता. त्याआधी काय जंगलाचे फोटो निघत नव्हते?

संत्रावाला: निघत होते. किती फेकले जायचे ते कोणी सांगत नाही.

पक्षीवेडी: तुम्ही दोघं शटरवरच अडकलात. ३००ला डोळा लावून बघा, व्ह्यूफाइंडरमधलं चित्र थरथरत असतं. अंबाझरी तलावाला फांद्यांच्या गचपणात धीवर पक्षी शोधताना फोकसचा ठिपका त्याच्यावर टिकतच नाही. व्हीआर असेल तर शटर अर्धं दाबलं की चित्र स्थिरावतं. मी पैसे मोजले ते यासाठी. निकॉनच्या कुठल्याच डीएसएलआरच्या बॉडीत स्टॅबिलायझर नाही, त्यामुळे ते भिंगातच लागतं.

जिप्सीतला: ताई, हा मुद्दा मान्य. पण बीन बॅगवरही चित्र थांबतंच.

पक्षीवेडी: तळ्याकाठी उभी असताना बीन बॅग कशावर ठेवू?

इतवारीकर: मारबतीला ३०० काढूच नको. गल्लीत इतकी दाटी असते की समोरचा माणूस चौकटीत मावत नाही. त्यात बडगे (मिरवणुकीतले पुतळे) नाचवणारी पोरं उड्या मारतात, तिथे व्हीआर असून नसून सारखंच. दिवसाउजेडी मिरवणूक, तुझी १८-५५ बस झाली.

फुटाळाकर: म्हणजे प्रश्न फक्त पेंचचा उरला. व्हीआरवालीच बघतो. पण तिच्यावर चालू-बंदचं बटणच दिसलं नाही, दुकानदार म्हणतो तशीच येते.

पक्षीवेडी: बरोबर सांगतो. डी३४००च्या मेनूतून बंद करता येतं, ट्रायपॉडवर लावलीस की करायचं. घेण्याआधी स्वतःची बॉडी दुकानात ने, ३००वर शटर अर्धं दाबून चित्र थांबतं का बघ. सेकंडहँडमध्ये नेमकं तेच बिघडलेलं असू शकतं.

जिप्सीतला: घे बाप्पा. फक्त पेंचहून आल्यावर १/३०चे फोटो इथे टाक, शंभर टक्के मोठे करून.