८०५१ च्या डिसअसेम्ब्लीत वारंवार येणारा ए५: छुपी आज्ञा की डेटा?

प्रश्नकर्ता (जुनाबोर्ड):
कापड रंगवण्याच्या एका जुन्या यंत्राचा नियंत्रक दुरुस्त करताना त्यावरील २७सी६४ ईप्रॉम (प्रोग्रॅम साठवणारी मेमरी चिप) वाचून घेतली. प्रोसेसर ८०३१, म्हणजे आत प्रोग्रॅमची मेमरी नसलेला ८०५१, असल्यामुळे सगळा प्रोग्रॅम या ८ किलोबाइटमध्येच असणार. मूळ सोर्स कोड मात्र कोणाकडेच उरलेला नाही. डिसअसेम्बलरने (बाइटांचे वाचता येण्याजोग्या आज्ञांत रूपांतर करणाऱ्या साधनाने) पत्ता ०००० पासून सरळ वाचत केलेल्या यादीत अकरा ठिकाणी ए५ हा (षोडशमान पद्धतीने लिहिलेला) बाइट ‘अज्ञात आज्ञा’ म्हणून आला आहे आणि त्यापुढच्या काही ओळी निरर्थक वाटतात. ६५०२ या दुसऱ्या जुन्या प्रोसेसरवर प्रोग्रॅमर माहितीपुस्तिकेत नसलेल्या आज्ञा मुद्दाम वापरत असत, असे वाचले होते. येथेही तसेच असेल का, आणि असल्यास ए५ काय करतो हे कसे शोधावे?

उत्तर १ (हेक्सवाचक):
६५०२ ची तुलना येथे फारशी लागू पडत नाही. त्याच्या २५६ ऑपकोडपैकी (आज्ञांच्या संकेतांकांपैकी) १५१ अधिकृत होते. उरलेल्या १०५ पैकी अनेकांच्या बाबतीत डीकोडरमधील दोन आज्ञांच्या ओळी एकाच वेळी कार्यरत होत आणि त्यातून ‘लॅक्स’सारखी, म्हणजे ए व एक्स ही दोन्ही रजिस्टरे (प्रोसेसरच्या आतील साठवणीच्या जागा) एकदम भरणारी, आज्ञा कोणी न योजताही तयार होई. ८०५१ मध्ये २५५ ऑपकोड नेमून दिलेले आहेत आणि एकटा ए५ रिकामा आहे, म्हणजे छुप्या आज्ञांना जवळजवळ जागाच नाही.

माझा संशय वाचण्याच्या पद्धतीवर आहे. सरळ रेषेत वाचणाऱ्या साधनाला आज्ञा आणि तक्ता यांतला फरक कळत नाही. एफएफ म्हणजे ‘मूव्ह आर७, ए’ असल्यामुळे ईप्रॉमचा कोरा भागसुद्धा त्याला त्याच आज्ञेची लांबच लांब रांग वाटतो. त्याऐवजी ०००० आणि ०००३, ०००बी, ००१३, ००१बी, ००२३ या इंटरप्टच्या (चालू काम मध्येच थांबवणाऱ्या संकेतांच्या) पत्त्यांपासून निघून प्रत्येक जंपचा आणि कॉलचा माग काढावा. ९० ने डीपीटीआर (मेमरीतील पत्ता धरणारे रजिस्टर) भरून थोड्याच अंतरावर ९३, म्हणजे प्रोग्रॅमच्या मेमरीतून बाइट वाचणारी ‘मूव्हसी’ आज्ञा, आली असेल, तर त्या पत्त्यावर बहुधा तक्ता आहे.

उत्तर २ (सोल्डरगन):
वरील म्हणणे मूळ ८०५१ पुरतेच खरे आहे. इंटेलच्या एमसीएस-२५१ ने बायनरी मोडमध्ये आणि फिलिप्सच्या ८०सी५१एमएक्स ने हाच रिकामा बाइट वाढीव आज्ञांचा उपसर्ग म्हणून वापरला. त्यामुळे चिपवरचा क्रमांक भिंगाने वाचून खात्री करावी. दुसऱ्या बोर्डवर ए५ चालवून रजिस्टरांत काय बदलते ते पाहता येईल, पण एका निर्मात्याच्या चिपवरून दुसऱ्याच्या चिपबद्दल निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे.

प्रश्नकर्ता (जुनाबोर्ड):
चिप साधी ८०३१ च आहे. माग काढल्यावर नऊ ए५ तापमानाच्या तक्त्यात सापडले. उरलेले दोन मात्र ‘एलकॉल’ (सबरुटीनला बोलावणारी आज्ञा) नंतर सातआठ बाइटांच्या आतच येतात आणि तेथपर्यंत वाट सरळ पोहोचते. दोन्ही ठिकाणी कॉल एकाच सबरुटीनला आहे.

उत्तर ३ (हेक्सवाचक):
त्या सबरुटीनच्या सुरुवातीला डी० ८३ आणि डी० ८२ आहेत का, ते पाहावे. म्हणजे ‘पॉप डीपीएच’ आणि ‘पॉप डीपीएल’ (डीपीटीआरचे वरचा व खालचा असे दोन बाइट): कॉलने स्टॅकवर ठेवलेला परतीचा पत्ता काढून डीपीटीआरमध्ये घ्यायचा, कॉलच्या लगेच पुढे लिहून ठेवलेला मजकूर एकेक बाइट ‘मूव्हसी’ने वाचायचा आणि मजकूर संपला की ए शून्य करून ७३ ने, म्हणजे ‘जंप @ए+डीपीटीआर’ने, त्यापुढच्या आज्ञेवर उडी घ्यायची. कॉल परत येईल असे गृहीत धरून माग काढणारे साधनही येथे हमखास चकते. जाता जाता, डिस्प्ले कोणता आहे?

प्रश्नकर्ता (जुनाबोर्ड):
डी० ८३, डी० ८२ अगदी सुरुवातीलाच आहेत. डिस्प्ले १६ अक्षरांच्या दोन ओळींचा एलसीडी असून त्यावर एचडी४४७८० हा कंट्रोलर आहे.

उत्तर ३ (हेक्सवाचक):
मग उलगडा झाला. त्या कंट्रोलरच्या जपानी कातकाना असलेल्या अक्षरसंचात ए५ म्हणजे ओळीच्या मधोमध येणारा ठिपका. पडद्यावर दोन शब्दांमध्ये असा ठिपका दिसतो का, ते पाहावे. डिसअसेम्बलरमध्ये या कॉलनंतरचे बाइट, शेवटच्या शून्यापर्यंत, मजकूर म्हणून हाताने नोंदवावे लागतील.

प्रश्नकर्ता (जुनाबोर्ड):
दिसतो, सुरुवातीच्या पडद्यावरच. तीन वर्षे मी तो पडद्यावरचा डाग समजत होतो.