खेळण्यातल्या जुन्या आगगाड्यांचे फोटो: खुशाल टाकावेत की आपल्यापाशीच ठेवावेत?

तलावपाळीकर
गेल्या रविवारी माळा आवरताना बाबांची पत्र्याची चावीवाली आगगाडी सापडली. इंजिन, दोन डबे आणि तिसऱ्या डब्याचा नुसता हूक. चार फोटो टाकले, तर तासाभरात तिघांनी खाजगीत विचारलं, ‘देणार का?’ चौथ्याने सल्ला दिला, टाकलेले फोटो हटवा, उगाच डोक्याला ताप. म्हणून हा धागा.

माझं मत आधीच सांगतो. फोटो टाकायचे, आणि गाडी उलटी करून टाकायचे. ब्रिटिश हॉर्नबी कंपनीने १९२० साली चावीच्या गाड्या काढल्या, त्यांचे कॅटलॉग आहेत. जर्मन कंपनी मार्कलिनने १८९१ साली लाइपझिगच्या व्यापारी मेळ्यात रुळांची ठरावीक मापं मांडली, हेही शोधलं की सापडतं. आमच्या गाडीवर मात्र ना नाव, ना गाव, ना साल. बाजूने पाहिलं तर लाल-काळं साधं इंजिन. पालथं केलं आणि आतल्या पत्र्यावर दिसलं पिवळ्यावर हिरवं नारळाचं झाड, शेंडा कापलेलं. डालड्याचा डबा! कुणा कारागिराने डबा कापून उलटा वळवला, पत्र्याच्या जिभा खाचांत घालून दुमडल्या आणि कोऱ्या बाजूला रंग दिला. ही गाडी कुठल्या कॅटलॉगात सापडणार? दहा घरांतल्या अशा दहा गाड्यांची पोटं शेजारी-शेजारी दिसली, तर निदान एकाच हातच्या किती ते तरी कळेल.

आणि देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ला ज्या गावात आली, तिथल्या माणसांना...

वाशी_सेक्टर_नऊ
दादा, १८५३ नको. ठाणेकर पाणीकपातीच्या धाग्यातही १८५३ काढतात.

मुद्द्याचं बोलतो. मी हौसेने फोटो टाकत होतो. माझ्या तीन रुळांच्या हॉर्नबी डब्लो गाडीचे, खोक्यासकट, आमच्याच जेवणाच्या टेबलावर काढलेले फोटो एकाने उचलून विक्रीला लावले. अमरावतीच्या एका गृहस्थांनी आगाऊ पैसे भरले, गाडी अर्थातच आली नाही. टेबलावरचं मेणकापड ओळखून त्यांनी मला शोधलं आणि फोनवर चोर म्हणाले. माझं मेणकापड! बायको अजून हसते, मला अजून हसू येत नाही. तेव्हापासून एकही फोटो नाही. टाकायचेच असतील तर मधोमध नाव छापून टाका.

घंटाळीची_सून
मधोमध नाव छापलंत तर काकांना हवी असलेली पत्र्याची जीभच झाकली जाईल की हो.

माझं म्हणणं वेगळंच आहे. तुम्ही सगळे फोटोवर बोलताय, चावी कुणी भरली का? सासऱ्यांची गाडी आमच्याकडे काचेच्या कपाटात होती. मुलाने हट्ट धरला म्हणून काढली, मशिनच्या तेलाचे दोन थेंब सोडले, चावी दिली. फरशीवर अशी काही घर्रर्र करत सुटली की सासरे आतल्या खोलीतून उठून आले. गुडघे दुखतात म्हणून पूजेलाही खुर्चीवर बसणारा माणूस जमिनीवर बसला. एका डब्याचा रंग खरवडला, खरवडू दे. फोटोत आवाज येतो का?

तलावपाळीकर
ताई, व्हिडिओ टाका ना मग! तोही फोटोच धरू.

नेरूळचा_रूळ
फोटोच्या बाजूने आहे, पण तुमच्यासारख्या फोटोंच्या नाही. माफ करा काका, तुमच्या चारही फोटोंत गाडी बोटाएवढी आहे की हाताएवढी, हे कळत नाही. फसगत इथेच होते. ब्रिटिश ‘डबल ओ’ मापाची मॉडेलं १:७६ प्रमाणात, ‘एचओ’ मापाची १:८७ प्रमाणात, आणि दोन्ही धावतात १६.५ मिमी अंतराच्या रुळांवर. नुसता रूळ मोजूनही भागत नाही. १६.५ ला ८७ ने गुणलं की साधारण १४३५ मिमी येतात, म्हणजे युरोपातला नेहमीचा रूळ. आपला ब्रॉडगेज १६७६ चा. म्हणून आपल्या इंजिनाचं एचओ मॉडेल त्या रुळांवर ठेवलं की धिप्पाड माणसाने मुलाचे बूट घातल्यासारखं दिसतं. हे फोटोत बघायचं असेल तर शेजारी पट्टी हवी. शाळेतली, मिलिमीटरची. फुलदाणी नको.

कळव्याचा_खेकडा
माझ्या नावावरून विचारण्याआधी सांगतो: घाटात चालणाऱ्या जुन्या डब्ल्यूसीजी-१ विजेच्या इंजिनाला रेल्वेवाले खेकडा म्हणत. त्याच्याच स्विस भाईबंदांना तिकडे मगर म्हणतात. मार्कलिनची खेळण्यातली मगर जगभर फोटोंतून मिरवते. आपल्या खेकड्याचं जुनं पत्र्याचं खेळणं मी आजवर एका फोटोतही पाहिलेलं नाही. कुणाकडे असेल तर वाशीकरांचं ऐकू नका.

वाशी_सेक्टर_नऊ
ऐका किंवा नका ऐकू, पण एक उत्तर द्या. फोटो टाकल्याने भाव चढतात की नाही? ज्या डब्यांकडे चोरबाजारात कुणी बघत नव्हतं, त्यांनाच विक्रेता आता फोन पुढे करून म्हणतो, ‘ये देखो, विंटेज है.’ तो फोटो आपल्यातल्याच कुणाचा तरी असतो. पट्टी लावा नाहीतर पोट दाखवा, शेवटी आपण त्याच्यासाठी फुकट जाहिरात करतोय. ज्याला गाड्या बघायच्या असतील त्याने पुण्याला जोशींच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात जावं. १९९८ पासून उघडं आहे, तिथे गाड्या चालतानाही दिसतात.

तलावपाळीकर
भाव चढतात, मान्य. पण भाव चढला म्हणूनच जुनी गाडी भंगारात जात नाही, हेही धरा. आमची गाडी माळ्यावर राहिली ती आई विसरली म्हणून. लक्षात असती तर किलोवर गेली असती.

शिवाय वस्तू टिकतेच असं नाही. तुमच्या डब्लोबद्दलच बोलतो, राग मानू नका. पहिली डब्लो १९३८ ची. त्या काळच्या जस्ताच्या ओतीव भागांत शिसं मिसळलं गेलं असेल तर धातू आतून फुगतो, तडकतो, शेवटी बिस्किटासारखा चुरा होतो. तेल लावून थांबत नाही. एका गाडीची लागण दुसरीला होते ही समजूत मात्र खोटी, त्यामुळे वेगळं कपाट करायला नको. अशा गाडीचा आज काढलेला फोटो हाच तिचा शेवटचा धड फोटो असू शकतो.

घंटाळीची_सून
व्हिडिओ काढायला गेले. सासऱ्यांनी चावी जास्त पिळली, आत काहीतरी कट् झालं. गाडी थांबली. घरात सध्या कुणी कुणाशी बोलत नाही.

वाशी_सेक्टर_नऊ
ताई, चावीची कमान (स्प्रिंग) तुटली नसेल, आकड्यावरून निसटली असेल. जिभा उघडू नका, दोनदा वाकवल्या की पत्रा तुटतो. शनिवारी ठाण्याला यायचंय, बघून देतो. फोटो टाकत नसलो तरी गाड्या उघडतो.

बाकी काका, काल रात्री माझ्याकडची एक बिननावाची गाडी पालथी करून पाहिली. झाड नाही. निळ्यावर पांढरी दोन अक्षरं आहेत, ‘...बण’. फोटो मागू नका.

नेरूळचा_रूळ
‘साबण’? पट्टी लावून मोजलं का?