संक्रांत, १९९४

‘आमच्या लहानपणी पोरांना राजकारण माहीत नव्हतं, मोबाईलनं बिघडवलं’ असं कुणी म्हटलं, की ते मला काही पटत नाही. निदान मराठवाड्यात तरी ते कुणाच्या लहानपणाबद्दल बोलताय, यावर आहे.

२७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात झाला आणि त्यानंतर इकडे दलित वस्त्या जाळल्या गेल्या. त्या वस्तीतल्या पोराला राजकारण कुणी शिकवायची गरजच नव्हती.

आम्ही वरच्या आळीतले, म्हणून निरागस! शेवटी १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला, म्हणजे ‘मराठवाडा’ तसंच ठेवून विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचं नाव जोडलं. नेमकी संक्रांत. मी चौथीत होतो. खिशात हलवा भरून गावभर हिंडत होतो, तर पारावरची मंडळी तोंड पाडून बसलेली. ओढ्यापलीकडे मात्र निळे झेंडे आणि हलगी. मी तिकडं निघालो तर काकांनी दंडाला धरलं, “आज तिकडं जायचं न्हाई.” का, ते सांगितलं नाही. पण दरवर्षी वर्गातल्या दोस्ताला तीळगूळ द्यायला कुणी अडवत नव्हतं (त्याच्या घरचं पाणी पिऊ नको, एवढंच आई सांगायची, आणि त्यात मला काही वावगं वाटत नव्हतं).

दोस्ताला दुसऱ्या दिवशी शाळेत विचारलं. तो फटकन म्हणाला, “तुला आत्ता कळलं व्हय?” आठ-नऊ वर्षांचंच पोर तेही. त्याला १९७८ मधली घरं तोंडपाठ होती, कुणाचं जळलं, कोण शहराकडं निघून गेलं. आमच्या घरात तो विषयच नव्हता.