वर्षाचं धान्य कसं भरता? ठाणे-नवी मुंबईकरांनो, अनुभव सांगा

मार्च लागला की बिल्डिंगमध्ये गव्हाच्या गोण्या चढायला लागतात. वन बीएचकेत कोठीची खोली नसते, एकरकमी पैसे काढणंही सोपं नाही. तरी घर चालतंच. तुम्ही कधी, कुठून आणि किती भरता, पैशांची सोय कशी करता, माल कसा टिकवता, ते सविस्तर लिहा. सुरुवात मी करते.

ऐरोली : गहू एप्रिलमध्ये, तुर्भ्याच्या दाणा बंदरातून, म्हणजे धान्याच्या बाजारातून. तिथे घाऊक व्यवहार, सुट्टं मागायचं नाही, म्हणून आम्ही तीन घरं मिळून जातो आणि टेम्पोचं भाडंही वाटून घेतो. गोणीत खोलवर हात घालून मूठ भरून घ्यायची, दाणा दाताखाली धरायचा. कट्कन तुटला तर माल वाळलेला. दबला तर कितीही स्वस्त असो, नको. घरी आणल्यावर गच्चीत चादरीवर दोन कडक उन्हं द्यायची आणि रात्रभर निवू द्यायचा. गरम गहू तसाच कोठीत भरला तर आत घाम धरतो आणि बुरशी येते. आपल्याकडची खाडीची हवा आधीच दमट, त्यामुळे हे निवणं मला उन्हाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

कळवा : आमची खरेदी जांभळी नाक्यावर. नवी तूर जानेवारी-फेब्रुवारीत बाजारात येते, त्यानंतर डाळ बघायला लागतो. किलोला जेमतेम चमचाभर एरंडेल तेल हाताने चोळून ठेवते माझी आई, टोके लागत नाहीत. शिजवण्याआधी कोमट पाण्याने धुतली की तेल निघून जातं. तांदूळ जुनाच कोलम. नव्याचा भात चिकट होतो, मुलं खात नाहीत.

घणसोली : आमच्या आगरी घरात गव्हापेक्षा मसाल्याची काळजी जास्त. बेडगी रंगाला, लवंगी तिखटाला, शंकेश्वरी दोन्हीला. मिरची मसाला मार्केटमधून घेतो. देठं काढायला सासूबाई, जाऊबाई, शेजारच्या काकू सगळ्या बसतात. मिरची हातात चुरली की कुरकुरीत मोडली पाहिजे, मगच डंकावर न्यायची. मसाला बरणीत दाबून भरायचा, वर खडा हिंग ठेवायचा. पैसे भिशीतून. भिशी सुरू करतानाच मी सांगून ठेवते, मला मार्चचा नंबर द्या.

कोपरी : वर्षाचं भरणं आम्हाला जमत नाही, रोजंदारी आहे. आमचं कार्ड प्राधान्य कुटुंबाचं, माणशी महिन्याला ५ किलो धान्य, आणि २०२३ पासून ते मोफत आहे. त्यात पोटाचा मोठा भाग निघतो. उरलेल्या पैशांतून दर महिन्याला एकच वस्तू जास्तीची घ्यायची असं बायकोने ठरवलंय. एका महिन्यात तेल, पुढच्या महिन्यात साखर, मग चहा पावडर. पावसात काम बसतं तेव्हा तेच पुरतं. वर्षाचं भरता येत नसेल त्यांनी पावसाळ्यापुरतं तरी असं जमवावं.

कोपरखैरणे : छापील पिशवीतल्या २५ किलोपर्यंतच्या धान्यावर जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटी आहे. सुट्ट्यावर आणि २५ किलोच्या वरच्या गोणीवर नाही. वाटून घेणाऱ्यांनी ३० किलोची गोणी विचारावी.

खारघर : आम्ही दोघंच, दोघंही नोकरीवाले. गहू भरतच नाही, चक्कीवरून ताजं पीठ आणतो. रवा मात्र आणला की तीन-चार दिवस फ्रीजरमध्ये, मग डब्यात. अळी होत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये बेसन, मैदा पंधरा दिवसांपुरताच. ऐरोलीच्या ताई, गव्हात पाऱ्याच्या गोळ्या घालता का?

ऐरोली : नाही हो. घरात लहान मूल आहे, पारा नकोच. सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला थराथरात घालते. पाला अगदी कोरडा हवा, ओला राहिला तर त्याचाच ओलावा गव्हाला लागतो.

नौपाडा : कांद्याचं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. साठवायचा तो उन्हाळी कांदा, एप्रिल-मेमधला. हिवाळ्यातला लाल कांदा टिकत नाही, तो आणावा आणि संपवावा. मान बारीक आणि सुकलेली, साल घट्ट, असाच निवडायचा. मानेशी बोटाने दाबून पाहायचं, मऊ लागला तर बाजूला. आमच्याकडे बाल्कनीत सावलीला बांबूच्या टोपलीत पसरून ठेवतो, गोणीत कोंडत नाही. रविवारी टोपली उपसायची, कोंब आलेले वर काढून ठेवायचे, सोमवारची भाजी त्यांची.